श्वास घ्या, रोखा

थोरल्याचा खोकला पहिल्यांदा कुणी मनावर घेतला असेल, तर तो पाखरांनी. घरात त्याची बायको, म्हणजे धाकट्याची वहिनी, पावसाळ्यापासून कानीकपाळी ओरडत होती. दुकानात गिऱ्हाइकंसुद्धा नाकावर नंबर तपासायची जाड फ्रेम तशीच ठेवून "अहो, जरा दाखवून घ्या कुणाला तरी," म्हणत होती. पण थोरला या कानानं ऐकायचा आणि त्या कानानं सोडून द्यायचा. कधी म्हणायचा हवा बदलली, कधी म्हणायचा काचा घासताना भुकटी नाकात जाते. खोकला मात्र काही ऐकायला तयार नव्हता. मग थंडी पडली, पाखरांचा हंगाम आला, आणि प्रत्येक ढासेसरशी कॅमेऱ्यासमोरची फांदी भुर्रकन रिकामी व्हायला लागली. असे सलग काही रविवार फुकट गेल्यावर एकदा जेवता जेवता थोरला धाकट्या भावाला म्हणाला, "शनिवारी तुझ्याकडे येतो रे. छातीचा फोटो काढून टाकू. पाखरं उडतात."

वहिनीचा हात वाढता वाढता थांबला. "म्हणजे मी ओरडून ओरडून घसा बसवून घेतला तो फुकट, आणि चार पाखरं उडाली तर लगेच!"

"तू उडत नाहीस ना," थोरला म्हणाला.

धाकटा हसला, वहिनीही नको नको म्हणत हसली. त्या घरात भांडणं अशीच संपायची.

थोरल्याचं चष्म्याचं दुकान होतं. धाकटा इस्पितळात एक्स-रे काढायचा. त्यानं लग्न केलं नव्हतं. भावाच्याच घरात माडीवर राहायचा आणि दोन्ही वेळा खाली जेवायचा. "एक भाऊ लोकांचे डोळे बघतो, एक हाडं बघतो, आणि ह्या दोघांकडे मी बघते," असं वहिनी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, आणि त्यात अतिशयोक्ती काडीइतकीही नव्हती.

पाखरांचं वेड थोरल्याचं. तेही मोठ्या पाखरांचं नाही. गरुड-घारींचं नाव काढलं की तो नाक मुरडायचा. "ते काय, बसतात तासभर पुतळ्यासारखे. अंगठ्याएवढ्या जिवाचा फोटो काढून दाखवा म्हणावं, जो एका जागी तुमची पापणी लवेपर्यंतही बसत नाही." त्याला हवी असायची गाणारी, चिवचिवणारी, चिमणीहूनही लहान पाखरं, आणि तीही हिवाळ्यातल्या सकाळच्या उजेडातच. उजेडावर तर तो व्याख्यान द्यायचा. भर उन्हात पाखराचा फोटो काढणं म्हणजे चोराच्या तोंडावर बॅटरी मारणं. अर्धं अंग पांढरंफटक, अर्धं काळंठिक्कर. खरा उजेड थंडीतला, पातळ ढगातून गाळून आलेला. त्यात पिसान् पीस दिसतं आणि कुणाला दुखत नाही, असं तो म्हणायचा. "कुणाला दुखत नाही" म्हणजे काय, ते त्याचं त्यालाच माहीत.

या मऊ उजेडाची एकच खोड होती. तो कमी असतो. त्यामुळे कॅमेऱ्याची झडप जरा जास्त वेळ उघडी ठेवावी लागते, आणि तेवढ्या वेळात फोटो काढणारा केसभर जरी हलला तरी पाखराचा भुगा होतो. म्हणून थोरला श्वास अर्धा सोडायचा, उरलेला छातीत धरून ठेवायचा आणि मगच बटण दाबायचा. धाकट्याचं काम तिपाई वाहणं आणि मागं बसणं. थोरला त्याला कौतुकानं 'तिकाटण्या' म्हणायचा. आणखी एक काम होतं, ते कुणी कुणाला सांगितलेलं नव्हतं. थंडीत थोरल्याच्या अंगाला बारीक कंप सुटायचा. धाकटा त्याच्या मागं उजव्या बाजूला बसायचा आणि आपला तळवा त्याच्या उजव्या खांद्याच्या पात्याखाली टेकवून ठेवायचा. थोरला त्या हातावर किंचित रेलायचा. भिंतीला टेकावं तसा. मग कंप थांबायचा. कितीतरी हिवाळे असं चाललं होतं, आणि दोघांनी त्याबद्दल कधी चकार शब्द काढला नव्हता.

शनिवारी दुपारी थोरला दुकान बंद करून आला.

एक्स-रेच्या खोलीत धाकटा वेगळाच माणूस असायचा. घरात कुणाच्या अध्यात ना मध्यात, पण इथं त्याचा आवाज चालायचा. रांगेतल्या घाबरलेल्या माणसांना तो त्या आवाजानंच अर्धं बरं करायचा. "शर्ट काढा. पुढं या. छाती पाटीला लावा, गार लागेल, चावणार नाही. हनुवटी वर. खांदे पुढं. श्वास घ्या... रोखा... सोडा." आणि फोटो पडद्यावर नीट, स्वच्छ उमटला, की त्याचं एक ठरलेलं वाक्य होतं. "बाहेरून माहीत नाही, पण आतून देखणे आहात हो!" म्हातारी माणसं लाजायची, तरणी हसायची. शर्टाची बटणं लावता लावता सगळ्यांचा जीव भांड्यात पडायचा.

हे वाक्य तो सगळ्यांना म्हणायचा नाही. पडद्यावर काही वावगं दिसलं, की तो नुसतं म्हणायचा, "कपडे घाला, बाहेर बसा." तिथला नियमच होता की फोटो ज्यानं काढला त्यानं बोलायचं नाही, बोलायचं ते डॉक्टरांनी. धाकट्यानं आजवर तो नियम मोडला नव्हता. पण गप्प राहणंसुद्धा एक बोलणंच आहे, हे त्याला कधीपासून कळत होतं, आणि एकदा पाखरांची वाट बघता बघता त्यानं हे थोरल्याला सांगितलंही होतं. "ज्याच्यात काही दिसतं ना दादा, त्याला माझ्याच्यानं ते म्हणवत नाही." थोरल्यानं तेव्हा नुसतं "हं" केलं होतं.

"आईगं!" पाटीला छाती लावल्याबरोबर थोरला ओरडला. "बर्फाची लादी आहे का रे ही?"

"हनुवटी वर घ्या. श्वास घ्या... रोखा..."

"मला अहो-जाहो करतोस होय?"

"बोलू नका. रोखा!"

थोरल्यानं श्वास रोखला. पुरता रोखता आला नाही. छाती आतून उसळत होती आणि तो ओठ घट्ट मिटून तिला दाबत होता. काचेपलीकडून धाकट्यानं बटण दाबलं. "सोडा," तो म्हणाला, आणि थोरल्यानं जो खोकला सोडला तो बाहेरच्या रांगेतल्या लोकांनीही ऐकला.

फोटो पडद्यावर आला. फुफ्फुसं काळी दिसावी लागतात, म्हणजे हवा भरलेली. डावं तसं होतं. उजव्यात, वरच्या बाजूला, एक पांढरा डाग होता. अक्रोडाएवढा, आणि कडा ओरखडल्यासारख्या. धाकट्यानं आधी बाजूची खूण बघितली. पडद्यावर माणूस आपल्याकडे तोंड करून उभा असल्यासारखा दिसतो, त्याचं उजवं आपल्या डावीकडे येतं. खूण बरोबर होती. मग त्यानं नाव बघितलं, जणू दुसऱ्याच कुणाचा फोटो चुकून आला असावा. नावही बरोबर होतं. असे डाग त्यानं आयुष्यात खूप बघितले होते, आणि त्या माणसांचं पुढं काय झालं तेही बघितलं होतं.

"कसा आलाय?" आतून थोरला म्हणाला.

धाकट्यानं तोंड उघडलं. ते वाक्य जिभेवर आणायचा त्यानं प्रयत्न केला, मनापासून केला. नुसतं नाटक तर करायचं होतं. पण शब्द फुटेना.

"कपडे घाल," तो म्हणाला. "बाहेर बस. सोमवारी डॉक्टर बघून सांगतील."

थोरला शर्टाची बटणं लावत होता. एक बटण चुकीच्या काजात गेलं, ते त्यानं काढून पुन्हा लावलं.

तो गेल्यावर धाकट्यानं डॉक्टरांना फोन लावला. ते सुट्टीवर परगावी होते, मागं गाड्यांचे भोंगे वाजत होते. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "हे बघ, एक्स-रे म्हणजे शेवटी सावली. जुना डाग असेल, गाठ असेल, काहीही असेल. पुढच्या तपासण्या झाल्याशिवाय तोंड उघडू नकोस. मी सोमवारी सकाळी पहिलं काम ते करतो."

"पण डॉक्टर, ते उद्या संध्याकाळी गावाला चाललेत. दोन महिन्यांसाठी."

"मग त्यांना थांबव. कारण सांगू नकोस, पण थांबव."

कारण न सांगता दादाला थांबवायचं! ते इतक्या वर्षांच्या संसारात वहिनीलासुद्धा कधी जमलं नव्हतं.

गावाला जायचं कारण आनंदाचं होतं. थोरल्याची मुलगी लांब दुसऱ्या शहरात राहायची आणि तिचे दिवस भरत आले होते. वहिनीनं आठवडाभर आधीच बॅगा काढल्या होत्या. धाकटा संध्याकाळी घरी आला तेव्हा पलंगावर कपड्यांचा डोंगर होता, आणि वहिनी घड्या घालत गुणगुणत होती.

"आलात? कसा निघाला फोटो?"

"रिपोर्ट सोमवारी," धाकटा म्हणाला.

"अहो रिपोर्ट राहू दे. तुम्ही बघितलात ना? तुम्ही बघितलात म्हणजे आम्ही निश्चिंत." तिनं एक लोकरीचं टोपडं वर धरलं, मूठभर, पिवळं. "बघा बरं, बसेल ना? मी आपलं अंदाजानं विणलंय."

"बसेल," धाकटा म्हणाला. त्याला स्वतःचीच लाज वाटली. या बाईनं त्याला वर्षानुवर्षं गरम जेवायला घातलं होतं, आणि तो तिच्याशी धडधडीत खोटं वागत होता. बरं, खोटं तरी कुठं, तो बोलतच नव्हता. पण ते खोट्याहून वाईट होतं.

जेवताना त्यानं धीर केला. "दादा, तुम्ही दोघं दोन दिवस उशिरा गेलात तर?"

"का?"

"असंच."

"असंच म्हणजे?"

"थंडी फार आहे."

थोरला हसायला लागला, आणि हसण्याचा खोकला झाला. पाणी पिऊन तो म्हणाला, "थंडीला सांग थांबायला. बाळ थोडंच थांबणार आहे? रिपोर्ट तू आणून ठेव. काही असतं तर तू बोललाच असतास." बोलताना तो ताटाकडेच बघत होता. मग म्हणाला, "उद्या सकाळी मात्र जायचं हं, रोपवाटिकेत. उजेड चांगला असणार आहे. आभाळ बघ कसं दुधट झालंय."

"उद्या गाडी आहे आणि तुम्ही पाखरं बघत बसणार?" वहिनी म्हणाली.

"गाडी संध्याकाळी आहे. पाखरं सकाळी असतात."

धाकटा माडीवर गेला. रात्रभर त्याचा डोळ्याला डोळा लागला नाही. नियम काय आहे, तो पाळून कुणाचं भलं होतं आणि मोडून कुणाचं होतं, याच घोळात पहाट झाली. शेवटी त्यानं ठरवलं, सांगायचं. रोपवाटिकेत, पाखरांपासून लपायच्या कनातीत बसल्यावर. तिथं वहिनी नसेल. नोकरीचं काय व्हायचं ते होवो.

रोपवाटिका गावाबाहेर होती. मागच्या बाजूला जुनी पाण्याची टाकी होती, तिचा नळ वर्षानुवर्षं ठिबकत होता, आणि त्या ठिबक्याखाली ताटाएवढं डबकं साचलं होतं. लहान पाखरांना तेवढं पुरायचं. डबक्यावर पेरूची एक वाळकी फांदी थोरल्यानं स्वतः रोवली होती, पाखरांना पाणी पिण्याआधी बसायला. समोर जुन्या पडद्याच्या कापडाची कनात, तिला कॅमेऱ्यापुरतं भोक. कनातीत बोलायचं नाही, हा थोरल्याचा कायदा होता. तो मोडणाऱ्याला त्यानं एकदा परत पाठवलं होतं. तो माणूस त्याचा व्याही होता.

उजेड खरंच तसा होता. ना ऊन, ना सावली. पानांच्या कडासुद्धा मऊ झाल्या होत्या. थोरल्यानं कॅमेरा तिपाईवर चढवला आणि स्टुलावर बसला. धाकटा मागं गेला. उजव्या बाजूला त्याची नेहमीची जागा होती, पोत्याचं बसकण टाकलेलं. तो तिथं वाकला, आणि त्याच्यानं बसवेना. त्या पाठीच्या आत काय आहे ते त्यानं बघितलं होतं. तिथं हात ठेवायचा कसा? त्यानं बसकण उचललं आणि डावीकडे टाकलं.

थोरल्यानं मान वळवून बघितलं.

"ओल आहे तिकडे," धाकटा पुटपुटला.

थोरल्यानं मान परत फिरवली. धाकट्यानं डावा हात त्याच्या डाव्या खांद्याच्या पात्याखाली ठेवला. थोरला रेलला, पण रोजच्यासारखा नाही. काहीतरी बसत नव्हतं, नवीन चपलेसारखं.

आधी वटवट्या आला. शेपटी उडवत, बडबड करत, फांदीवर या टोकाहून त्या टोकाला गेला. थोरला कॅमेऱ्याला डोळा लावून बसला, श्वास अर्धा सोडला, आणि खोकला आला. फांदी रिकामी झाली. मग एक शिंजीर आला, जांभळा, चोच पाण्यात बुडवतोय न बुडवतोय तोच पुन्हा खोकला. तो गेला. थोरल्यानं कपाळ कॅमेऱ्याच्या पाठीवर टेकवलं. त्याचे खांदे पडले होते. धाकट्यानं आपला भाऊ चिडलेला बघितला होता, आजारी बघितला होता, धंदा बुडता बुडता वाचला तेव्हा घाबरलेलाही बघितला होता. पण असा हरलेला कधी बघितला नव्हता. आता सांगावं, त्याला वाटलं. दादा, असं म्हणावं आणि पुढचं आपोआप येईल.

"दा..."

थोरल्यानं बोट वर केलं. चूप.

चष्मेवाले आले होते. पिवळी-हिरवट, मुठीत मावतील अशी पाखरं, डोळ्यांभोवती पांढरं रिंगण काढलेली. थोरल्याला गावात चष्मेवाला म्हणायचे आणि त्यावरून वहिनी म्हणायची, "सख्खी भावंडं भेटली म्हणून जातात हो तिकडे." ही पाखरं थव्यानं येतात, क्षणभर टिकत नाहीत. पण कडाक्याच्या थंडीत कधी कधी त्यातली दोन एकमेकांना चिकटून, पिसं फुगवून, एकच गोळा होऊन बसतात. थोरल्याला तो फोटो हवा होता. किती हिवाळे तो त्याच्या मागं होता.

थवा पाण्यावर उतरला, उडाला. दोन मागं राहिली. एक फांदीवर सरकत सरकत आलं. दुसरं त्याला जाऊन भिडलं. दोघांनी पिसं फुगवली आणि डोळे अर्धे मिटले.

थोरल्यानं डोळा कॅमेऱ्याला लावला. धाकट्याला तळव्याखाली कळलं, छाती उसळायला लागली होती. खोकला आतून वर चढत होता आणि थोरला त्याला दाबत होता, काल पाटीसमोर दाबला होता तसा. अंग थरथरत होतं. असा फोटो हलणार, आणि खोकला सुटला तर फोटोच नाही. धाकट्यानं विचार केला नाही. तो पुढं सरकला, भावाच्या कानाशी तोंड नेलं, आणि त्याच्या तोंडून जो आवाज निघाला तो घरातला नव्हता, इस्पितळातला होता.

"घाई नाही. श्वास घ्या. हळू... अर्धा सोडा. आता रोखा."

थोरल्याचं अंग शांत झालं. सगळं, पार बोटांपर्यंत.

खट्.

"सोडा," धाकटा म्हणाला.

थोरला खोकला. वाकून, गुडघ्यांवर हात ठेवून, बराच वेळ. पाखरं केव्हाच गेली. मग त्यानं डोळे पुसले आणि कॅमेऱ्याच्या मागचा छोटा पडदा उघडला. दोघं त्यावर वाकले. पाखरं तिथं होती. एकमेकांत मिसळलेली, पिसान् पीस स्वच्छ, डोळ्यांभोवतीची रिंगणं टाचणीनं कोरल्यासारखी. जराही हललेलं नव्हतं.

थोरला आनंदानं ओरडेल असं धाकट्याला वाटलं. तो ओरडला नाही. पडद्याकडे बघत म्हणाला, "आतून माहीत नाही, पण बाहेरून देखणे आहेत."

धाकटा तिपाईचा स्क्रू उगाच पिळत राहिला.

"काल मला म्हणाला नाहीस ते."

"दादा..."

"मी म्हटलं, असेल, भाऊ आहे म्हणून गडबडला. रात्री तेच घोकत पडलो होतो. म्हटलं, विसरला असेल." त्यानं पडदा मिटला. "मग सकाळी तू बसकण उचलून तिकडे टाकलंस. ओल दोन्हीकडे आहे रे, तिकाटण्या. उजवीकडे काय आहे?"

धाकट्याला रडू आलं. तो मोठा माणूस होता, रोज लोकांची मोडलेली हाडं बघायचा, पण त्याला हमसून हमसून रडू आलं आणि त्यानं ते लपवलं नाही. थोरल्यानं त्याला रडू दिलं. मग हात मागं नेला, धाकट्याचा हात धरला, आणि स्वतःच्या पाठीवर उजवीकडे आणून ठेवला. खांद्याच्या पात्याखाली, नेहमीच्या जागी.

"इथं?"

"जरा वर," धाकटा म्हणाला.

थोरल्यानं हात जरा वर सरकवला. "इथं?"

"हं."

"केवढं?"

"दादा, डॉक्टर म्हणतात सावली असते नुसती, तपासल्याशिवाय..."

"मी डॉक्टरला विचारत नाहीये. मी दुकानात कधी कुणाला नंबर कमी करून सांगितलाय? रडू दे म्हातारी, पण तिला सांगितलं की आजी, हा डोळा गेलाय, दुसरा सांभाळा. तू मला नंबर सांग."

धाकट्यानं सांगितलं. अक्रोडाएवढा, कडा ओरखडलेल्या. असे डाग बहुतेक वेळा कशाचे निघतात तेही सांगितलं. कधी कधी दुसऱ्या कशाचे निघतात, लवकर सापडले तर काढताही येतात, हेही सांगितलं, आणि ते नुसतं बरं वाटावं म्हणून सांगत नाही हेही. दोन महिने थांबलं तर काय होईल, ते मात्र त्याच्याच्यानं सांगवेना. थोरल्याला ते न सांगताच कळलं. पोटात ठेवलेलं सगळं बाहेर आल्यावर धाकट्याला हलकं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. आता ते दोघांच्या पोटात होतं, एवढंच.

"बाळाला बघायला तुझी वहिनी एकटी जाईल," थोरला म्हणाला. मग जरा थांबून, "जाणार नाही ती. मी ओळखतो तिला." त्याचा आवाज पहिल्यांदाच फाटला. "ते टोपडं विणलंय रे तिनं. पिवळं."

नळ ठिबकत होता. फांदीवर कुणी नव्हतं.

"बरं," थोरला म्हणाला, "माझं ते राहिलंय. म्हण आता."

"काय?"

"ते वाक्य. सगळ्या जगाला म्हणतोस, सख्ख्या भावाला नाही. म्हण."

"दादा, नको."

"म्हण म्हणतोय ना."

धाकट्याचा तळवा अजून तिथंच होता. खालून श्वास वर येत होता, अडखळत होता, पुन्हा येत होता. त्यानं घसा खाकरला. "बाहेरून माहीत नाही," तो म्हणाला, "पण आतून देखणा आहेस तू, दादा." आणि आयुष्यात पहिल्यांदा ते त्यानं थट्टेत म्हटलं नव्हतं.

"खोटारडा," थोरला म्हणाला, आणि मागं रेलला.

दुपारी ते घरी पोचले तेव्हा बॅगा दाराशी भरून ठेवल्या होत्या. वहिनी कुलूप शोधत होती. वाटेत दोघांनी ठरवलं होतं कसं सांगायचं, कोणी सुरुवात करायची, कोणते शब्द टाळायचे. थोरल्यानं आधी कॅमेरा पुढं केला. "बघ, मिळाला शेवटी."

वहिनीनं पदराला हात पुसून कॅमेरा घेतला. बराच वेळ बघितलं. "दोघं कशी बसलीत," ती म्हणाली. मग मान वर करून तिनं आधी नवऱ्याकडे बघितलं, मग दिराकडे. त्याचे डोळे सुजलेले होते. तिनं कॅमेरा जपून टेबलावर ठेवला, वाकली, आणि मोठ्या बॅगेची चेन उघडली. वरचं पिवळं टोपडं बाजूला काढून ठेवलं. त्याखालून नवऱ्याचा जाड स्वेटर ओढला आणि खुर्चीच्या पाठीवर टाकला.

"हा बाहेर राहू दे," ती म्हणाली. "भाऊजी, उद्या परत त्या पाटीला उभं करतील ना यांना? फार गार असते म्हणत होते."